जिन्याखालच्या अकरा ट्रंका : ग्रंथालय समितीला खुले पत्र

मा. प्राचार्य, ग्रंथालय समितीचे सर्व सदस्य आणि व्यवस्थापन मंडळ यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या ग्रंथालय समितीने एक ठराव केला. आपल्याच महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने सूचनाफलकावरचा त्याचा फोटो मला पाठवला. ठराव चार ओळींचा आहे. दिवंगत लँडस्केप आर्किटेक्टच्या संग्रहातले 'निवडक शंभर आराखडे' स्कॅन करावेत, 'उर्वरित दुय्यम व जीर्ण कागदपत्रांचे' निर्लेखन करावे, म्हणजे नोंदीतून काढून त्यांची विल्हेवाट लावावी, आणि नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) भेटीआधी जागा मोकळी करावी. वाचून मी दोन दिवस कोणाशी काही बोलले नाही. मग वाटले, गप्प बसले तर त्या निर्लेखनाला माझाही हात लागेल. म्हणून हे पत्र. ते खुले लिहिते आहे, कारण त्या कागदांत गोव्याच्या जमिनीची मोजमापे आहेत, आणि ती एका संस्थेच्या अडगळीचा विषय होऊ शकत नाहीत.

महाविद्यालयाचे नाव मी लिहिलेले नाही, आणि ज्यांचा हा संग्रह त्या लँडस्केप आर्किटेक्टचे, म्हणजे माझ्या सरांचेही नाही. ज्यांच्यासाठी लिहिते त्यांना दोन्ही ठाऊक आहेत. मला कोणाची बेअब्रू करायची नाही. मला कागद वाचवायचे आहेत.

मांडवीवरचा पूल कोसळला त्या वर्षी, म्हणजे १९८६ साली, मी सरांकडे ट्रेसर म्हणून लागले. आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स करून नुकतीच बाहेर पडले होते. घर बार्देशात, ऑफिस पणजीत, मध्ये पूल नाही. बेतीहून फेरीबोट धरायची. पावसात ट्रेसिंगची गुंडाळी प्लास्टिकमध्ये घालून ती छत्रीखाली धरायची आणि आपण भिजायचे, असे ते पहिले वर्ष गेले. पुढे सतरा वर्षे मी तिथे होते. सरांनी पेन्सिलीने काढलेले मी रॉट्रिंगच्या पेनने शाईत आणायचे. चुकले तर ब्लेडने हलकेच खरवडायचे, नखाने घासून कागद गुळगुळीत करायचा आणि रेघ पुन्हा मारायची. त्या ट्रंकांतल्या निम्म्याहून जास्त आराखड्यांवर उजवीकडे खाली कोपऱ्यात माझी आद्याक्षरे आहेत. २०१० साली सरांच्या घरच्यांनी अकरा ट्रंका आणि पत्र्याच्या चार नळ्या आपल्या ग्रंथालयाकडे सोपवल्या, तेव्हा त्या भरायला मी होते. कुठल्या ट्रंकेत काय आहे याची हातयादीही मीच केली.

सर बंगल्यांच्या आणि हॉटेलांच्या बागा करत. ऑफिस त्यावरच चालायचे. पण रविवार आला की डंपी लेव्हल (जमिनीची पातळी मोजायची दुर्बीण) आणि तिच्यासोबतची उभी मोजपट्टी घेऊन ते कुठल्या तरी खाजनात (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतजमिनीत), कुळागरात (सुपारीच्या बागेत) नाहीतर सड्यावर जायचे. कोणी काम दिलेले नसायचे, कोणी पैसे देणार नसायचे. गावच्या तळ्या, व्हाळांवर (ओढ्यांवर) घातलेले बांध, सुपारीच्या बागेत पाटाचे पाणी कुठून शिरते आणि कुठे बाहेर पडते, देवळाच्या आवारातल्या ओंवळीच्या (बकुळीच्या) बुंध्याचा घेर, हे सगळे मोजून वहीत लिहायचे. नवीन माणूस कामाला लागला की त्याला पहिले वाक्य ठरलेले असायचे: "उदक खंय वता तें पयलीं पळय." पाणी कुठे जाते ते आधी बघ. झाडे मग.

आता एका कागदाबद्दल सविस्तर सांगते, कारण माझे सगळे म्हणणे त्या एका कागदात आहे.

सहाव्या ट्रंकेत एक पेन्सिलीचे ट्रेसिंग आहे, पोलक्याच्या खणापेक्षा थोडे मोठे. १९८८ चे. तिसवाडीतल्या एका खाजनाचे. त्यात बाहेरच्या बांधाची उंची दर दहा मीटरवर टिपलेली आहे. मानशीच्या, म्हणजे बांधातून पाणी आतबाहेर सोडणाऱ्या झडपेच्या, दारांची रुंदी आहे, आतल्या पोंयीची (मानशीमागच्या डोहाची) खोली आहे. भरतीच्या पाण्याच्या दोन रेघा आहेत, एक रोजच्या भरतीची आणि एक अमावास्येच्या उधाणाची. मानशीची दारे भरतीच्या जोराने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात, हे शाळेतले पोरही सांगेल. पण त्या मानशीच्या एका दाराचा उंबरठा दुसऱ्यापेक्षा चार बोटे खाली का ठेवलेला होता, हे फक्त ती मानस राखणाऱ्या म्हाताऱ्याला ठाऊक होते. त्याने सांगितलेले सरांनी कागदाच्या कडेने बारीक अक्षरात लिहून घेतले आहे. खेकडे बांध कुठे पोखरतात, तेही बाण काढून दाखवले आहे. एका कोपऱ्यात चिखलाने भरलेल्या अंगठ्याचा ठसा आहे. तो सरांचा की त्या म्हाताऱ्याचा, ते आता कोण सांगणार.

हेच ट्रेसिंग पुढे मी शाईत आणले. आणताना कडेची टिपणे गाळली. आराखड्यात तेवढी जागा नव्हती आणि ज्यांना तो द्यायचा होता त्यांना टिपणांचे काम नव्हते. माझा आराखडा सुबक आहे, त्यावर उत्तरेचा बाण आहे, ऑफिसचा शिक्का आहे. आपल्या 'निवडक शंभर'मध्ये तो नक्की येईल. पेन्सिलीचे ट्रेसिंग 'दुय्यम व जीर्ण' या खात्यात जाईल. ज्या बाईने तो शाईचा आराखडा काढला ती सांगते आहे: दोन्हींतला एकच ठेवायचा असेल तर माझा फाडा.

ते खाजन आज तसे राहिलेले नाही. बांध फुटला, वेळेवर दुरुस्त झाला नाही, खारे पाणी आत शिरले, शेते गेली आणि तिवरे वाढली. म्हाताराही गेला. उद्या कोणाला तो बांध पुन्हा घालायचा झाला तर उंबरठ्याची ती चार बोटे दुसऱ्या कुठल्याही कागदावर सापडणार नाहीत.

लँडस्केप आर्किटेक्टचे कागद आणि इमारत बांधणाऱ्याचे कागद यांत मोठा फरक आहे, तो समितीने लक्षात घेतलेला दिसत नाही. इमारत निदान उभी असते. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची कला अकादमी पाहायची तर पणजीत कांपालला जाता येते. रस्त्यावरून आत शिरून सावलीतून मांडवीपर्यंत चालत गेले की त्यांच्या मनात काय होते ते पायांना कळते. बागेचे तसे नसते. झाड वाढते, मरते, त्याच्या जागी दुसरे येते, माळी बदलतो, मालक बदलतो. वीस वर्षांनी जमिनीवर जे दिसते त्यावरून मूळ रचना ओळखूही येत नाही. कुठले झाड का लावले, कुठले जगले नाही, पाणी कुठे तुंबले म्हणून पाट कुठे वळवला, हे फक्त कच्च्या कागदांत राहते. बागेचा मूळ दस्तऐवज म्हणजे तेच कागद.

हे इतरांनी फार आधी ओळखले. बागांची रचना करणाऱ्या इंग्लंडच्या गर्ट्रूड जेकिल १९३२ साली वारल्या. त्यांचे आराखडे आणि टिपणे बिॲट्रिक्स फॅरंड या अमेरिकन लँडस्केप आर्किटेक्ट बाईने विकत घेतली आणि १९५५ साली आपल्या स्वतःच्या ग्रंथसंग्रहासोबत बर्कलीच्या विद्यापीठाला देऊन टाकली. इंग्लंडमधल्या जेकिलबाईंच्या बागा पुन्हा उभ्या करायच्या झाल्या तेव्हा तिथल्या लोकांना बर्कलीच्या कागदांचा आधार घ्यावा लागला. आपल्याकडचे उदाहरण कोरियांचेच आहे. त्यांचे आराखडे आज लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सकडे आहेत, २०१३ साली तिथे त्यांचे मोठे प्रदर्शनही झाले. ते तिथे नीट आहेत याचा मला आनंद आहे. गोंयकार माणसाचे मूळ कागद पाहायला गोव्याच्या मुलांना लंडन गाठावे लागते याचे दुःखही आहे. सरांचे कागद तर इथेच आहेत, चालत जाण्याच्या अंतरावर.

आता तक्रारी.

पहिली जागेची. २०१० साली ग्रंथालयामागची एक खोली या संग्रहाला दिली होती. खिडक्या होत्या, वारा खेळायचा. तेव्हाच्या ग्रंथपाल बाई पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर प्रत्येक ट्रंक उघडून बघायच्या. त्या निवृत्त झाल्या, पद बरीच वर्षे रिकामे राहिले, खोली परीक्षा विभागाच्या उत्तरपत्रिकांना गेली आणि ट्रंका जिन्याखाली आल्या. त्या जिन्याच्या भिंतीतून पावसाळी पाण्याचा पाइप खाली उतरतो. आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वरच असते. कागदाला पन्नासच्या आसपास हवी. यंदा मृगाचा पाऊस लागल्यावर मी येऊन पाहिले. तिसऱ्या ट्रंकेचा तळ गंजून आत पाणी आले होते. खालची ट्रेसिंगे एकमेकांना चिकटून त्यांचा एकच गठ्ठा झाला होता. वरच्या गुंडाळीला कसर लागली होती, आणि उलगडताना एका तळीच्या नकाशाचा काठ माझ्या हातात पिठासारखा सुटला. शिपाईदादांनी स्वतःच्या घरून प्लास्टिक आणून ट्रंकांवर घातले होते. त्यांचे उपकार आहेत. मात्र प्लास्टिकखाली दमटपणा कोंडतो, हे त्यांना कोणी सांगायला हवे होते.

दुसरी तक्रार बरे करायला जाऊन झालेल्या नुकसानीची. मधल्या काळात तीसेक आराखडे लॅमिनेट केले गेले, फाटलेल्या जागी सेलोटेप लावली गेली. लॅमिनेशनच्या उष्णतेने चिकटलेले प्लास्टिक पुन्हा काढता येत नाही. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो. निळे ब्लूप्रिंट आणि अमोनिया प्रिंट एकाच गुंडाळीत घातले आहेत. अमोनिया प्रिंटमधून निघणारी वाफ शेजारच्या कागदाला डागाळते, म्हणून ते वेगळे ठेवायचे असतात. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता हे मला माहीत आहे. विचारले असते तर मी तासाभरात पोचले असते.

तिसरी माझ्या मते सगळ्यांत मोठी. ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत या संग्रहाची नोंद एका ओळीची आहे: 'जुने नकाशे, ट्रंका ११.' माझी हातयादी कुठे गेली ते कोणाला सांगता आले नाही. ज्याची यादी नाही ते कोणी मागणार कसे? आणि आता 'गेल्या दहा वर्षांत कोणी मागणी केली नाही' हेच निर्लेखनाचे कारण म्हणून तोंडी सांगितले जाते. मागणी झाली आहे. माझ्या माहितीत तीन वेळा. एकदा खाजनांवर अभ्यास करणारी विद्यार्थिनी आली होती. एकदा एका गावचे लोक तळीच्या दुरुस्तीआधी तिच्या तळाची मूळ पातळी शोधत आले होते. तिसऱ्या वेळी सरांनी केलेल्या एका जुन्या बागेचे नवे मालक आले. तिघांनाही 'तसे काही आमच्याकडे नाही' म्हणून परत पाठवले गेले. तळीवाले मग माझ्या घरी आले. सरांच्या एका वहीची झेरॉक्स माझ्याकडे होती, तिच्यात ती पातळी निघाली. वही झेरॉक्स करून ठेवण्याची बुद्धी मला झाली नसती तर काय, हा विचार अजून मनातून जात नाही.

क्रमाबद्दलही बोलायला हवे. सरांच्या ऑफिसात प्रत्येक कामाला नंबर होता आणि त्या नंबराखाली आराखडा, मोजणीची वही, पत्रव्यवहार, रोपवाटिकेची बिले, फोटो असे सगळे एकत्र असायचे. मध्यंतरी कोणीतरी नीटनेटके दिसावे म्हणून मोठे कागद एकीकडे, छोटे एकीकडे आणि वह्या तिसरीकडे केल्या. बिलाशिवाय झाडांचा आराखडा अर्धाच वाचता येतो. आराखड्यात सुरंगीची चाळीस झाडे दिसतात, बिलावर बाराच मिळाल्याची नोंद असते, आणि बाकी जागी काय लावले ते पत्रात असते.

राहिला निवडीचा प्रश्न. शंभर कुठले, हे कोण ठरवणार? ठरावात कोणाचे नाव नाही. सरांच्या घरच्यांना विचारलेले नाही. देणगी देताना त्यांनी दिलेल्या पत्रात संग्रह अखंड ठेवावा असे स्पष्ट लिहिले होते. त्या पत्रावर आपल्या कार्यालयाचा पोच शिक्का आहे.

स्कॅनिंगला माझा अजिबात विरोध नाही. ते व्हायलाच हवे, आणि सगळ्यांचे व्हायला हवे. पण कठीण पेन्सिलीच्या फिकट रेघा साध्या स्कॅनमध्ये उतरत नाहीत. सरांना कागदाच्या पाठीवर हिशेब आणि टिपणे लिहायची सवय होती, तो भाग स्कॅन करणाऱ्याच्या ध्यानातही येणार नाही. स्कॅन म्हणजे कागदाची प्रत. प्रत हातात आली म्हणून मूळ टाकून द्यायचे, असे आपण देवळाच्या ताम्रपटाबद्दल कधी म्हणणार नाही.

कॉपीराइटची अडचण असल्याने लोकांना कागद दाखवता येत नाहीत, असेही मला सांगण्यात आले. वाचनालयात बसून मूळ कागद बघू देण्याला कॉपीराइट आड येत नाही. संस्थेकडे मूळ प्रत असेल तर सार्वजनिक, बिगरव्यापारी ग्रंथालयाला जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यातच दिली आहे. छापायचे असेल तर वारसांची परवानगी लागेल, आणि वारस ती आनंदाने देतील असे त्यांनी मला सांगितले आहे.

आपण कागद जपणाऱ्या भूमीतली माणसे आहोत. गोव्याच्या पुराभिलेखागाराची सुरुवात १५९५ ची, पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कोउतो यांच्या काळातली. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी तिथल्या दस्तांत आयुष्य घालवले आणि त्यांचा स्वतःचा संग्रह आज गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात अभ्यासकांना खुला आहे. गावकरीच्या (गावच्या सामाईक जमिनीचा कारभार बघणाऱ्या जुन्या संस्थेच्या) चालीरीती लिहून ठेवणारे १५२६ चे फोराल, म्हणजे सनद, आजही अभ्यासक उघडून बघतात. ते लिहिणाऱ्याने गावच्या लोकांना विचारून, त्यांनी सांगितलेले टिपले. सरांनी मानशीवरच्या म्हाताऱ्याला विचारून तेच केले. गावोगावच्या जमिनीचे रूप डोळ्यांदेखत पालटते आहे, डोंगर कापले जात आहेत, खाजने बुजवली जात आहेत, आणि आपण त्या जमिनीची मोजमापे किलोच्या भावाने द्यायला निघालो आहोत. हे मला सहन होत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

निर्लेखनाचा ठराव मागे घ्यावा आणि तसे लेखी कळवावे. ट्रंका याच आठवड्यात जिन्याखालून हलवाव्यात, कोरड्या, वारा असलेल्या, पहिल्या मजल्यावरच्या कुठल्याही खोलीत. सुरुवातीला कपाटे नसली तरी चालतील, जमिनीपासून वीतभर उंच लाकडी फळ्या पुरतील. चिकटलेला गठ्ठा कोणीही उलगडायचा प्रयत्न करू नये. तो कागदाच्या जतनाचे शिक्षण घेतलेल्या माणसाकडूनच उघडला जावा. यापुढे लॅमिनेशन आणि सेलोटेप बंद. जुन्या कामाच्या नंबरांप्रमाणे संग्रह पुन्हा लावावा, प्रत्येक कागदाची यादी करावी आणि ती लोकांना पाहायला मिळावी. आठवड्यातून एक दिवस, अर्धा दिवस का होईना, अभ्यासकांना आणि ज्या गावांचे नकाशे त्यात आहेत त्या गावांतल्या लोकांना संग्रह बघू द्यावा. सपाट खणांची कपाटे आणि आम्लमुक्त कागद यांसाठी पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात तरतूद करावी. वर्गणी काढायची झाली तर पहिली माझी.

आणि हे काहीच शक्य नसेल, तर तसे मोकळेपणाने सांगावे. संस्थेकडे माणूस नाही, पैसा नाही, जागा नाही, हे म्हणण्यात कमीपणा काही नाही. मग संपूर्ण संग्रह, एकही कागद वेगळा न काढता, वारसांच्या संमतीने राज्याच्या पुराभिलेख विभागाकडे, गोवा विद्यापीठाकडे किंवा पाट्टोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाकडे द्यावा. त्यासाठी लागेल ती धावपळ आम्ही जुने सहकारी करू.

माझ्या हातयादीची मूळ वही घरी आहे. तिची झेरॉक्स या पत्रासोबत आपल्या कार्यालयात देऊन पोच घेतली आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहा ते एक मी ग्रंथालयात येऊन बसायला तयार आहे, मानधन नको. सरांचे बारीक पेन्सिलीचे अक्षर वाचू शकणारी आम्ही तीन माणसे उरलो आहोत. दोघे मडगावला आहेत, त्यांनीही यायचे कबूल केले आहे. आपल्या विद्यार्थ्यांपैकी चारपाच मुले सोबत दिलीत तर पुढच्या पावसाळ्याआधी यादी पूर्ण होईल. ज्या मुलीने मला फोटो पाठवला तिने आधीच विचारले आहे की कधी सुरू करायचे.

चवथीच्या आधी उत्तर मिळावे. तोवर त्यातला एकही कागद आवाराबाहेर जाऊ देऊ नये, एवढी हात जोडून विनंती.

आपली,
सरांच्या ऑफिसातली एक ट्रेसर
बार्देश, गोवा